पोटॅशियमच्या गळ्यातला दोरा

त्या बाटलीच्या गळ्यातला लाल दोरा मी कापला होता. हे वाक्य आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला इतकंच ठाऊक आहे, की नल्लकुंट्याला एक म्हाताऱ्या काकू राहतात, दर दसऱ्याला मी त्यांना सोनं द्यायला एकटाच जातो आणि परत आल्यावर जेवत नाही.

आता सांगायला बसलोच आहे, तर आधी सरांविषयी सांगतो. सर कसे होते ते कळल्याशिवाय, एका दोऱ्याचं काय एवढं, असंच कुणालाही वाटेल.

सर आमच्या कॉलेजात इंटरमीडिएटच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत होतो. तात्पुरता. दरवर्षी उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि पुन्हा लागेल की नाही या काळजीत सुट्टी जायची. सर मला 'छोटे मास्टर' म्हणायचे, मग सगळं कॉलेजच म्हणायला लागलं.

आणि मुलं सरांना म्हणायची 'भयम् सार'. तेलुगूत भयम् म्हणजे भीती. हे नाव फळ्यावर लिहिलेलं एकदा त्यांनी वाचलं. पुसायला घेतलेलं डस्टर खाली ठेवून म्हणाले, "असू दे. माझ्याकडून एवढंच शिकली तरी पुष्कळ."

सर भित्रे होते, यात काही झाकण्यासारखं नव्हतं. जिना उतरताना ते भिंतीला हात लावून उतरायचे. बरकतपुऱ्याच्या चौकात रस्ता ओलांडायचा झाला तर शेजारी उभ्या असलेल्या कुणाही अनोळखी माणसाचा हात धरायचे. "भय्या, जरा साथ चलते क्या?" दिवाळीत साधी फुलबाजी लावायचे नाहीत. काकू, म्हणजे सरांची बायको, सांगायच्या, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेव होमाच्या निखाऱ्यांकडे बघत होते, माझ्याकडे नव्हे.

असा माणूस दरवर्षी सोडियम आणि पोटॅशियमचा प्रयोग मात्र स्वतःच्या हातानं करून दाखवायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

त्या दिवशी सर सकाळपासून बोलायचे नाहीत. वर्गात आले की पहिला बाक रिकामा करायला लावायचे, मग दुसराही. मनगटावरचं घड्याळ आणि बोटातली चांदीची अंगठी काढून माझ्या हातात द्यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "काही झालं तर काकूंना दे." मुलं हसायची. मीही हसायचो. सर हसत नसत. मग चिमट्यानं सोडियमचा तुकडा रॉकेलमधून काढायचे, टीपकागदावर टिपायचे आणि चाकूनं त्याची कड कापायचे. सोडियम घट्ट खव्यासारखं कापलं जातं, आत क्षणभर चांदी दिसते आणि बघता बघता काळवंडते. तांदळाच्या दाण्याएवढा कण ते पाण्यात सोडत. तो पाण्यावर फुसफुसत पळायचा. त्यानंतर पोटॅशियम. ते पाण्याला टेकताक्षणी जांभळं पेटायचं. आणि हे सगळं होत असताना सरांचे हात थरथरत असत. चिमट्याचं टोक काचेच्या भांड्याला लागून किणकिण वाजायचं, ते मागच्या बाकापर्यंत ऐकू यायचं.

एकदा एका पोरानं विचारलंच. "सार, इत्ता डर लगता तो करते कायकू?"

"डर लगता इसीलिए करता हूं, बेटे. जिस दिन नहीं लगेगा ना, उस दिन तू कर. मैं पीछे बैठूंगा."

"कितने पीछे, सार?"

"घर में."

वर्ग हसून हसून आडवा झाला. सरांनी रॉकेलच्या बाटलीचं झाकण दोनदा फिरवून घट्ट बसलंय ना ते बघितलं.

या धातूंविषयी ते नात्यातल्या माणसांविषयी बोलावं तसं बोलायचे. लिथियम थोरली, समजूतदार, तिचं काही मनावर घ्यायचं नाही. सोडियम तापट, पण सांगून तापतं. पोटॅशियम आतल्या गाठीचं. रुबिडियम आणि सीझियम त्यांनी जन्मात पाहिले नव्हते, आणि त्यांची नावं घेताना ते आवाज उतरवायचे, कुटुंबानं नाव टाकलेल्या चुलत्याविषयी बोलताना उतरवतात तसा. "पाण्याला भ्यायचं काही कारण नाही," असं म्हणायचे. "पाण्याची वाट बघत बसलेल्याला भ्या."

घरी गॅस येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांनी रेशनचं रॉकेल सोडलं नव्हतं. पिशवीत कॅन घालून स्वतः रांगेत उभे राहायचे. "आमच्याकडे स्टोव्ह नाही, कंदील नाही," काकू चिडून म्हणायच्या, "ह्यांचा सोडियम पितो." दर सोमवारी बाटल्यांतलं रॉकेल सर स्वतः पाहायचे. कमी झालेलं दिसलं की त्यांचा चेहरा पडायचा, घरातल्या कुणाचा ताप वाढल्यासारखा.

पाहायचे म्हणतो, पण खरं तर मी पाहायचो. हे कॉलेजात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. ऑपरेशनला घाबरत होते, आणि डोळे गेले असं कळलं तर प्रयोगशाळा जाईल याला त्याहून जास्त. "कितपत आहे रे?" ते हळूच विचारायचे आणि मी सांगायचो, "बोटभर वर आहे, सर." त्यांचं माझ्यावाचून अडत होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

पोटॅशियमच्या बाबतीत डोळ्यांचा प्रश्न जास्तच वाईट होता. पोटॅशियम फार दिवस राहिलं, बाटलीत हवा जात राहिली, की त्याच्यावर पिवळी साय धरते. त्या सायीतून चाकू घातला की ते फुटतं. पाणी लागत नाही, काही लागत नाही. आणि मोतीबिंदू झालेल्याला अवघं जगच पिवळट दिसतं, त्यामुळे नेमकं हेच पिवळं त्याला वेगळं कळत नाही.

आमच्याकडे पोटॅशियमच्या दोन बाटल्या होत्या. एक नवी, एक फार जुनी. एका सोमवारी जुनीकडे बघून मी म्हटलं, "सर, ह्यात पिवळं दिसतंय." सर टेबलापासून मागे सरकले, पायाखाली काही वळवळल्यासारखे. दुसऱ्या दिवशी काकूंच्या देवघरातला लाल दोरा घेऊन आले आणि त्या बाटलीच्या गळ्याला तीन पदरी बांधला.

"ह्याची आता सोयरीक झाली," ते म्हणाले. "यमाशी. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"फेकून देऊ या ना, सर."

"फेकायचं कुठे? मुशी नदीत? ह्याला मारायची रीत असते बाबा. उघड्यावर, स्पिरिटमध्ये, थेंबाथेंबानं. मला येते ती. सुट्टीत करू."

सुट्ट्या आल्या आणि गेल्या. सरांना धीर झाला नाही. हेही खरं आहे, आणि या खऱ्याच्या आडोशाला मी पुष्कळ वर्षं बसलो: सर, तुम्हीच ती बाटली वेळेवर मारली असती तर.

पण दोरा कामाचा होता. डोळ्यांवर भरवसा नसल्यामुळे सरांनी सगळा भरवसा बोटावर टाकला होता. कपाटातून बाटली घ्यायची झाली, की ते उजव्या हाताची तर्जनी तिच्या गळ्याभोवती एकदा फिरवायचे. दोरा लागला की हात मागे. नाही लागला की बाटली बाहेर. पुढे पुढे तर इतर धोक्याच्या बाटल्यांनाही दोरे आले. आमचं कपाट पिंपळाच्या पारासारखं दिसायला लागलं.

ते दिवस शहर पालटायचे होते. घराघरावर केबलच्या तारा आल्या होत्या, पुण्या-मुंबईकडची कम्प्युटरवाली कुटुंबं नव्या वस्त्यांतून राहायला येत होती. आमची जुनी संस्था एका नव्या माणसानं चालवायला घेतली. आमच्याकडे संस्थाचालकाला करस्पॉन्डंट म्हणतात. माणूस उत्साही होता, वाईट नव्हता. त्यानं भिंती रंगवल्या, गुळगुळीत कागदावर माहितीपत्रक छापलं आणि ठरवलं, की पालकांना बोलावून एक मोठा दिवस करायचा. व्हिडिओवाला येणार, हॉलमध्ये मंचावर प्रयोग होणार. त्यात आमचं पोटॅशियम.

प्रयोगशाळा बघायला तो आला तेव्हा सर वर्गात होते. कपाट उघडून तो बघतच राहिला.

"छोटे मास्टर, ये क्या है? बोतलां कू नजर लगती क्या?"

"सर ने बांधे हैं, सार."

"निकालो, निकालो. कम्प्युटरवाले लोगां आ रहे. बोलेंगे, इधर लिंबू-मिरची से केमिस्ट्री पढ़ाते. लेबलां भी सब नये लगाव. और वो अगले साल का तुम्हारा… बाद में बात करते, हौ?"

"हौ, सार," मी म्हटलं.

तो दोरा कशासाठी आहे हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगायचं तर सरांच्या डोळ्यांचं सांगावं लागलं असतं, असं मी स्वतःला पटवलं. तेही अर्धंच खरं. मला 'अगले साल' ऐकू आलं होतं, आणि तो हसला तेव्हा त्याच्याबरोबर मीही हसलो होतो. मलाही ते कपाट गावंढळ वाटत होतं. सगळं खरं सांगायचं तर हे आहे.

रविवारी दुपारी एकटा जाऊन मी सगळे दोरे कात्रीनं कापले. जुन्या चिठ्ठ्या भिजवून काढल्या, कम्प्युटरवर छापलेल्या नव्या चिकटवल्या. पोटॅशियमच्या दोन बाटल्या जुळ्यांसारख्या दिसायला लागल्या. जुनी मी खालच्या कप्प्यात मागे सारली. सोमवारी सरांना सांगू म्हटलं. दोरे खिशात राहिले. ते आईला कपडे धुताना सापडले, कुठल्या तरी देवाचे असतील म्हणून तिनं तुळशीत टाकले.

सोमवारी सर आले, बाटल्यांच्या पोटावरच्या लेबलांवरून हात फिरवला. "गुळगुळीत झाल्या रे सगळ्या."

"कम्प्युटरवर काढलीत लेबलं, सर."

"चांगलं झालं." मग हळूच, "रॉकेल कितपत आहे?"

"भरपूर आहे, सर."

सांगायची वेळ ती होती. सांगितलं असतं तर त्यांनी कपाटाला कुलूप लावलं असतं, करस्पॉन्डंटशी भांडले असते, प्रयोग झाला नसता, आणि दोरे कुणी कापले हे निघालं असतं. मी उद्यावर ढकललं. त्या आठवड्यात पोरांनी कपाटं पुसायला म्हणून बाटल्या काढल्या, परत लावल्या. कुठली कुठे गेली ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, ते माझंच काम होतं.

त्या मोठ्या दिवशी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत करस्पॉन्डंट आणि त्याचे बडे पाहुणे. सर आतल्या अर्धवट उजेडाच्या खोलीत जाऊन स्वतः बाटल्या घेऊन आले, ट्रे मंचावर ठेवला आणि समोर बघून म्हणाले, "पहिल्या दोन रांगा मागे घ्या."

"मास्टर, गेस्ट लोगां हैं," करस्पॉन्डंट खालून दबक्या आवाजात म्हणाला.

"फिर तो जल्दी पीछे लो."

खुर्च्या सरकवल्या गेल्या. कुणीतरी हसलं. करस्पॉन्डंटचा चेहरा उतरला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं, जसं काही हे मी केलं. सरांनी घड्याळ आणि अंगठी काढून माझ्या हातात दिली. "काही झालं तर काकूंना दे." माइक चालू होता. सगळा हॉल हसला.

सोडियम झालं. टाळ्या झाल्या. मग सरांनी पोटॅशियमची बाटली पुढे ओढली. तर्जनी तिच्या गळ्याभोवती सावकाश फिरवली, एक पूर्ण फेरा. काही लागलं नाही. त्यांचे खांदे सैल झाले, ते मला मागून दिसलं.

आणि व्हिडिओवाल्याच्या झगझगीत दिव्यात मला बाटलीतलं पिवळं दिसलं.

वेळ नव्हता असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. वेळ होता. सरांनी तुकडा काढला, टिपला, थोडं रॉकेल असलेल्या ताटलीत ठेवला, आणि नेहमीप्रमाणे आधी भीतीवर बोलले. "तुम्हाला भीती वाटतेय का? मला वाटतेय," असं म्हणाले. तेच त्यांनी हिंदीत सांगितलं, मग तेलुगूत सांगितलं. तेवढ्या वेळात मी चार पावलं टाकून त्यांचा हात धरू शकत होतो. करस्पॉन्डंट माझ्याकडे बघत होता. मी मुठीत घड्याळ घट्ट धरलं आणि मनात म्हटलं, काही होणार नाही. दरवर्षी काय होतं? काही होत नाही.

चाकू टेकला आणि फुटलं. आवाज फार मोठा नव्हता, सुतळी बॉम्ब कपड्यात गुंडाळून फोडल्यासारखा. जळते कण उडाले, ताटलीतलं रॉकेल पेटलं. पहिल्या दोन रांगांच्या रिकाम्या जागेत ठिणग्या पडल्या आणि फरशीवर विझल्या. तिथे कुणी बसलेलं नव्हतं. मी जागच्या जागी उभा. सरांनी मागे येऊन डाव्या हातानं मला बाजूला ढकललं, त्याच हातानं वाळूची बादली उचलली आणि ओतून आग विझवली. मग म्हणाले, "पाणी नको. कुणी पाणी आणू नका," आणि खाली बसले. चष्म्यानं डोळे वाचवले होते. उजव्या हाताची बोटं मात्र वाचली नव्हती.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी काकूंना घड्याळ आणि अंगठी दिली. त्या रडत नव्हत्या. वस्तू ओंजळीत धरून त्यांनी विचारलं, "हे तुमच्याकडे दिलं होतं, म्हणजे सगळं रीतीनं केलं होतं ना हो त्यांनी? मग कसं झालं?"

आणि मी म्हणालो, "दोरा बांधायचा राहिला असेल, काकू. विसरले असतील."

हे माझं वाक्य. कुणी वदवून घेतलं नव्हतं. मग ते करस्पॉन्डंटनं उचललं, "बड़े मास्टर की याददाश्त गई," आणि चार दिवसांत कॉलेजभर झालं. शेवटी सरांपर्यंत पोचलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते पलंगावर पट्ट्यांतला हात मांडीवर घेऊन बसले होते.

"मला आठवतंय मी बांधला होता," ते म्हणाले. "काकूंच्या देवघरातला दोरा. तीन पदर. तू तिथे होतास ना?"

मी त्यांच्या हातावरच्या पट्ट्यांकडे बघितलं.

"पण तू म्हणतोस नव्हता, तर नसेल. तुझे डोळे चांगले आहेत."

ते पुन्हा कॉलेजात आले नाहीत. करस्पॉन्डंटनं त्यांना शाल-नारळ देऊन निरोप दिला, आणि उन्हाळ्यात मला पक्कं केलं. पोटॅशियम पुढे आम्ही टीव्हीवर कॅसेट लावून दाखवू लागलो. टीव्हीवर ते जांभळं पेटतं आणि मुलं जांभया देतात.

घरी सरांनी दोरे बांधायला सुरुवात केली. गॅसच्या नळीला, गीझरच्या बटणाला, औषधाच्या बाटल्यांना, मागच्या दाराच्या कडीला. डाव्या हातानं बांधायचे. आणि बांधून झाल्यावर तासाभरानं काकूंना विचारायचे, "मी बांधला का गं?" बांधलाय म्हटलं तरी उठून बघायचे. बोट फिरवून उपयोग नव्हता, उजव्या तर्जनीच्या टोकाला आता काही कळत नव्हतं. एकदा मला म्हणाले, "छोटे मास्टर, बेगम बाजारला जाशील तेव्हा लाल दोऱ्याचं एक मोठं रीळ आण." मी आणलं. ते रीळ त्यांच्या हातात मी माझ्या हातानं दिलं.

पुढे त्यांनी मोतीबिंदू काढून घेतला. ऑपरेशनच्या टेबलावर घड्याळ काढून नर्सला म्हणाले, "काही झालं तर काकूंना दे." हा शेवटचा विनोद, आणि यावर काकूही हसल्या. पट्टी सुटल्यावर मी गेलो तर टोपलीतलं लिंबू हातात घेऊन बघत बसले होते.

"आता पिवळं दिसतं रे," ते म्हणाले. "पण खात्री वाटत नाही."

भित्रे तर ते आधीही होते. पण त्या भीतीत त्यांना स्वतःचा आधार होता, की मी भितो, म्हणून मी चुकत नाही. माझ्या एका वाक्यानं तो आधार गेला. त्यानंतर ते ज्या भीतीत राहिले तिला तळ नव्हता. त्यांना स्वतःचंच भय वाटायचं. शेवटी शेवटी रात्री झोपायलाही भ्यायचे, झोपेत काही उघडं राहील म्हणून.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी त्याच कॉलेजात व्हाइस प्रिन्सिपॉल आहे. काकू नल्लकुंट्याच्या त्याच घरात आहेत. गीझरच्या बटणावरचा दोरा रंग उडून पांढरा झालाय, त्यांनी काढलेला नाही. दर दसऱ्याला माझ्या हातावर सोनं ठेवताना त्या हमखास म्हणतात, "फार विसराळू झाले होते हो शेवटी. तुम्ही होतात म्हणून निभावलं." मी वाकून नमस्कार करतो आणि चहा न घेता उठतो.

सर विसरले नव्हते. दोरा त्यांनी बांधला होता, तीन पदरी, माझ्यासमोर. तो मी कापला. हे मी सरांना सांगायचं होतं, ते राहिलं. काकूंना सांगायचं देणं मी अजून लागतो.